मोकळ्या मैदानातली खिंड

दिवाळीच्या सुटीत पत्त्यांचा डाव रंगात यावा आणि मध्येच कुणाच्या तरी लक्षात यावे की बदामची राणी हरवली आहे. मग डाव मोडतो, सतरंजी झटकली जाते, मुलांची झडती होते आणि राणी सापडेपर्यंत एक चहा होऊन जातो. हॉकीत ही सोय नाही. सामना चालू असताना एक गडी कायमचा बाहेर गेला, तर उरलेल्या दहांनी तोच डाव पुढे खेळायचा असतो; समोरच्याच्या हातात पाने मात्र सगळी असतात. अशा वेळी संघनायकाने नेमके करायचे तरी काय, हा प्रश्न माझ्या मनात पुष्कळ दिवस घोळत होता. पॅरिसला २०२४ साली झालेल्या एका सामन्याने त्याचे जे उत्तर दिले, ते वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा लेख.

असा सामना जिंकला की वर्तमानपत्रे लिहितात, 'दहांनी अकरांचे काम केले.' मला हे वाक्य कधीच पटलेले नाही. दहा माणसे अकरांचे काम करू लागली, तर पंधरावीस मिनिटांत ती आठांचेही करीनाशी होतात. दमलेला गडी चेंडूमागे जातो तो अर्ध्या पावलाने उशिरा, आणि त्या अर्ध्या पावलातच गोल होतात. घरातला एक मिळवता माणूस अंथरुणाला खिळला म्हणजे कर्ती बाई काय करते, ते आठवून पाहावे. पूर्वीचा सगळा खर्च ती तसाच चालवायला जात नाही. मुलांचे दूध आणि शाळेची फी राहते; भिंतींचा रंग आणि नवा पंखा पुढल्या सालावर जातो. काय सोडायचे हे तिला पहिल्या आठवड्यातच ठरवावे लागते. संघनायकाला ते पहिल्या मिनिटात ठरवावे लागते, एवढाच फरक.

थोड्यांनी पुष्कळांना अडवून धरल्याची गोष्ट निघाली की मराठी माणसाला घोडखिंड आठवल्यावाचून राहत नाही. १६६० सालचा आषाढ, बाजीप्रभू, आणि विशाळगडाकडे निघालेले महाराज. 'खिंड लढवणे' हा शब्दप्रयोगही आपल्या रोजच्या बोलण्यात आहे. परंतु खिंडीत एक मोठी सोय असते. समोर फौज हजारांची असली तरी एका वेळी पुढे येऊ शकतात ते मोजकेच. बाकीच्यांची संख्या मागे नुसती उभी राहते. हॉकीच्या मैदानाला अशी मेहेरबानी ठाऊक नाही. ९१.४ मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद, तळहातासारखे सपाट. गोलरक्षक वजा केला तर नऊ माणसांनी एवढी जागा राखायची. तिथे आयती खिंड नसते. ती तयार करावी लागते.

आणि ती तयार करता येते, हीच या खेळाची गंमत आहे. हॉकीत कुठूनही चेंडू मारून गोल होत नाही. गोलपुढे १४.६३ मीटर त्रिज्येचे जे वर्तुळ आखलेले असते, ज्याला खेळाडू 'डी' म्हणतात, त्याच्या आतून मारलेलाच गोल धरला जातो. म्हणजे प्रतिस्पर्धी बाजूच्या रेषेजवळ चेंडू घेऊन कितीही नाचला, तरी त्याने फलक हलत नाही. शहाणा संघनायक कडा सोडून देतो आणि मध्य राखतो. एखाददुसरा आघाडीचा गडी मागे बोलावतो, गोल करण्याच्या आपल्या निम्म्या आशा गुंडाळून ठेवतो आणि वर्तुळाच्या तोंडाशी माणसांची दाटी करतो. ऐकायला सोपे वाटते खरे. पण चेंडू समोर दिसत असताना त्याच्यामागे न धावणे हे खेळाडूच्या रक्तात नसते. ते कुणीतरी त्याच्या मनावर बिंबवावे लागते.

आपल्या हॉकीला उणिवेचा हिशेब नवा नाही. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये बलबीरसिंग हे संघनायक होते. आघाडीचे मधले खेळाडू, आणि गोल करण्यात असा हातखंडा की प्रतिस्पर्ध्यांनी त्यांच्या नावानेच धसका घ्यावा. पहिला सामना अफगाणिस्तानशी झाला. भारताने १४ गोल चढवले, त्यांतले ५ बलबीरसिंगांचे; आणि त्याच सामन्यात त्यांच्या हाताचे बोट मोडले. गटातले पुढचे सामने रणधीरसिंग जंटल यांच्या नेतृत्वाखाली खेळले गेले. त्या काळी सामना सुरू झाल्यावर बदली गडी घेण्याची मुभा नव्हती. म्हणजे जायबंदी माणूस उतरवायचा तर साडेदहांनी खेळण्याची तयारी हवी. तरीही उपान्त्य सामन्यात जर्मनीविरुद्ध आणि ६ डिसेंबरला पाकिस्तानविरुद्धच्या अंतिम सामन्यात बलबीरसिंग उतरले. त्यांच्या दुखापतीची बातमी बाहेर फुटू दिली नव्हती, आणि ते मैदानावर दिसले की समोरचे दोन बचाववाले त्यांच्या पाठीशी लागणार हे धरून चालण्यासारखे होते. हिशेब पाहावा: आपला अर्धा माणूस उणा, त्यांचे दोन अडकलेले! भारताने तो सामना १-० असा जिंकला. तो एकुलता गोल जंटल यांनी पेनल्टी कॉर्नरवर केला. हा पेनल्टी कॉर्नर वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याच्याशी काम आहे.

आता ज्याची ही हकीकत, त्या हरमनप्रीतसिंगविषयी. तो अमृतसर जिल्ह्यातल्या तिम्मोवाल गावचा. जन्म ६ जानेवारी १९९६चा. घर शेतकऱ्याचे. पोरवयात ट्रॅक्टर चालवण्याचा त्याला फार नाद होता, आणि जुन्या ट्रॅक्टरचा जड गियर ओढून ओढून त्याच्या हातांत ताकद आली असे सांगतात. ती ताकद पुढे कामाला आली. पेनल्टी कॉर्नरवर चेंडू स्टिकने न ठोकता, तो स्टिकला जणू चिकटवून ओढत आणायचा आणि मग भिरकावायचा, ही जी 'ड्रॅग फ्लिक' नावाची किमया आहे, तिच्यात त्याने नाव मिळवले. ठोकलेला पहिला फटका गोलमागच्या फळीच्या उंचीवरून, म्हणजे ४६ सेंटिमीटरच्या वरून गेला तर गोल धरत नाहीत. भिरकावलेल्या चेंडूला ते बंधन नाही. त्यामुळे गोलरक्षकाला पायापासून डोक्यापर्यंत सगळीकडे लक्ष ठेवावे लागते, आणि डोळ्याचे पाते लवेपर्यंत सगळे आटोपलेले असते.

संघातले सोबती हरमनप्रीतला 'सरपंच' म्हणू लागले. हे नाव मला फार आवडते. त्याचे ठिकाण शेवटच्या फळीत. पारावर बसलेल्या माणसाला जसा सारा गाव दिसतो, तसे त्याला मागून सगळे मैदान दिसते. कोण कुठे गेला, कुठली वाट उघडी पडली, कुणाचा दम उखडला, हे पुढे धावणाऱ्या संघनायकाला मान वळवून पाहावे लागते; याच्या ते डोळ्यांसमोर असते. आपल्या खडकीचा धनराज पिल्ले हा याच्या अगदी उलट जातीचा कप्तान. १९९८ साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत त्याच्या नेतृत्वाखाली सुवर्णपदक आले. धनराज चेंडू घेऊन निघाला की बाकीचे नुसते त्याच्याकडे पाहून पेटत. मला स्वतःला तोच खेळ अधिक आवडतो. हे लपवण्यात अर्थ नाही. मात्र एक गडी उणा पडल्यावर मैदानावर कोण हवा असे कुणी विचारले, तर मी मागे उभ्या राहिलेल्या सरपंचाकडे बोट दाखवीन.

या सरपंचाचे सगळेच दिवस चांगले गेले असेही नाही. जानेवारी २०२३मध्ये ओडिशात विश्वचषक झाला तेव्हा तोच संघनायक होता. घरचे मैदान, खच्चून भरलेल्या गॅलऱ्या. आणि न्यूझीलंडशी ३-३ अशी बरोबरी झाल्यावर शूटआउटमध्ये हार. उपान्त्यपूर्व फेरीदेखील गाठता आली नाही. प्रशिक्षक बदलले. नवे आले ते दक्षिण आफ्रिकेचे क्रेग फुल्टन. आधी बचाव पक्का करा, विजय त्यातून येईल, असे मानणारे गृहस्थ. हरमनप्रीतचे संघनायकपद टिकले. त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदकही मिळाले. पण शूटआउट म्हटले की ओडिशा आठवावे, एवढे ते शल्य ताजे होते.

पॅरिसला गटातले सामने संमिश्र गेले. बेल्जियमकडून १-२ अशी हार झाली, तर २ ऑगस्टला ऑस्ट्रेलियावर ३-२ असा विजय मिळाला. ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाला आपण हरवले ते १९७२नंतर प्रथमच. दोनच दिवसांनी, ४ ऑगस्टला, उपान्त्यपूर्व सामना ग्रेट ब्रिटनशी. मैदान कोलोंबचे, १९२४च्या ऑलिंपिकचे मुख्य मैदान हेच होते. रविवार होता आणि आपल्याकडे दिव्यांची अवस. खेळ सुरू झाला तेव्हा भारतात दुपारचा दीड वाजला होता. आमच्या घरी समया, निरांजने लखलखीत घासून पाटावर मांडून झाली होती, कणकेचे गोड दिवे ताटात आले होते, आणि तूप वाढणारे हात दूरदर्शन संचासमोर येऊन थबकले होते.

कारण १७व्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड दाखवले गेले. चेंडू घेऊन पुढे जाताना त्याची स्टिक मागून भिडलेल्या विल कॅलननच्या चेहऱ्यावर लागली. चित्रफीत पुन्हा पुन्हा पाहण्यात आली आणि निर्णय झाला. मुद्दाम मारली की लागली, यावर मागाहून पुष्कळ वाद झाला आणि हॉकी इंडियाने पंचगिरीविषयी तक्रारही नोंदवली. तो वाद इथे उकरून काढण्यात मला गोडी नाही. मैदानावरच्या लोकांना त्या घटकेला वाद घालायला सवडच नव्हती. हिरवे कार्ड मिळाले तर दोन मिनिटांनी गडी परत येतो, पिवळ्याला पाच-दहा मिनिटे लागतात. लाल कार्डाचा गडी परत येत नाही, आणि त्याच्या जागी दुसराही घेता येत नाही. साठ मिनिटांच्या सामन्यातली सुमारे ४३ मिनिटे उरली होती.

गेला तो गडीही साधासुधा नव्हता. रोहिदास ओडिशाच्या सुंदरगढ जिल्ह्यातला. ज्या मातीतून बचाववाले उगवतात असे गमतीने म्हणावे, अशी ती भूमी. शेवटच्या फळीत तो हरमनप्रीतचा जोडीदार. शिवाय प्रतिस्पर्ध्याला पेनल्टी कॉर्नर मिळाला की गोलरेषेवरून सुटून, भिरकावलेल्या चेंडूच्या थेट अंगावर धावत जाण्याचे जिवावरचे काम पहिल्यांदा त्याचे. संघनायकाच्या खांद्याला खांदा लावून उभी असलेली भिंतच पडली म्हणायची.

ती जागा भरून काढली मनप्रीतसिंगने. हा मधल्या फळीतला खेळाडू. तो मागे येऊन बचावात उभा राहिला. मनप्रीत कोण, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना यातले मर्म कळेल. १९८०च्या सुवर्णपदकानंतर ४१ वर्षे ऑलिंपिकमध्ये भारताच्या हाती काही लागले नव्हते. २०२१ साली टोकियोला ब्राँझपदक आले ते मनप्रीतच्या नेतृत्वाखाली. तेव्हा हरमनप्रीत त्याच्या हाताखाली उपनायकांपैकी एक होता. तीनच वर्षांत पाट बदलले होते, आणि जुना कर्णधार नव्याच्या शेजारी, सर्वांत कमी शोभेच्या आणि सर्वांत जास्त धोक्याच्या जागी मुकाट्याने येऊन उभा राहिला. एकत्र कुटुंबात वाढलेल्या वाचकांना हे किती अवघड असते ते सांगायला नको. अशी माणसे हाताशी असणे हेही संघनायकाचे भाग्यच.

आता मी मघाशी ज्याचे नाव राखून ठेवले होते, त्या पेनल्टी कॉर्नरकडे येतो. या प्रसंगी बचाव करणाऱ्या संघाला गोलरेषेमागे गोलरक्षक धरून पाचच माणसे ठेवता येतात. बाकीच्यांनी मध्यरेषेपलीकडे जायचे असते. आक्रमण करणाऱ्याला एक जण चेंडू आत ढकलणारा, एक तो अडवणारा आणि एक भिरकावणारा, एवढे मिळाले की काम भागते. थोडक्यात, त्या काही क्षणांपुरता अकरा आणि दहा हा भेदच मिटतो. समोरच्याचे जास्तीचे माणूस मध्यरेषेपाशी उभे राहून नुसते पाहत असते. नियमांच्या पुस्तकात कुणी मुद्दाम ठेवलेली नसेल, पण उण्या संघाच्या पदरात पडलेली ही खिंडच आहे.

२२व्या मिनिटाला भारताला असा पेनल्टी कॉर्नर मिळाला. लाल कार्डाला पाच मिनिटे झाली होती. हरमनप्रीत मागून चालत वर्तुळाच्या कडेला आला आणि त्याने गोल केला. एकाने उणा असलेला संघ एका गोलने पुढे!

ब्रिटनवाले काही लेचेपेचे नव्हते. टोकियोच्या उपान्त्यपूर्व सामन्यात भारताने त्यांना ३-१ असे हरवले होते, आणि ते विसरून ते आलेले नव्हते. २७व्या मिनिटाला ली मॉर्टनने बरोबरी साधली. मध्यांतराला फलक १-१.

पुढच्या तीस मिनिटांत एकही गोल झाला नाही, आणि तरीही मला या सामन्याचा तोच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. पाहायला तो रम्य नव्हता. लाटेवर लाट यावी तसे ब्रिटनचे गडी येत होते; भारतीय खेळाडू वर्तुळाच्या तोंडाशी दाटी करून, स्टिका जमिनीला टेकवून, वाटा बंद करीत होते. कडेला चेंडू फिरत असला तर फिरू देत होते. मध्येच एखादा चेंडू हाती लागला की दोघे-तिघे पुढे धावत, तेवढाच मागच्यांना श्वास घ्यायला अवसर. बलबीरसिंगांच्या काळी नसलेली एक सोय आता होती: बाकावरच्या ताज्या गड्यांशी अदलाबदल करता येत होती. नाहीतर एवढा वेळ ही धावपळ माणसाच्या आवाक्यातली नव्हे. एवढे करूनही जे चेंडू आत शिरले, ते गोलरक्षक श्रीजेशने अडवले. केरळचा हा उंचापुरा गडी, ही आपली शेवटची स्पर्धा असे आधीच जाहीर करून आलेला. अंगावर गाठोडी बांधल्यासारखा तो पोशाख चढवून माणूस इतका चपळ कसा राहतो, हे मला न सुटलेले कोडे आहे. श्रेय वाटायचे झाले तर त्या दिवशीचा मोठा वाटा त्याचा, हे संघनायकाच्या कौतुकाचा लेख लिहितानाही मान्य केले पाहिजे. पण गोलरक्षकाला चेंडू दिसावा, त्याच्यापुढे माणसांची गर्दी होऊ नये, फटका यावा तोही तिरका, अडचणीच्या जागेवरून यावा, हे घडवून आणतात ते पुढचे लोक. त्यांची ओळ ४३ मिनिटे तुटली नाही.

साठावे मिनिट संपले आणि दुसरी समान भूमी आली. शूटआउटमध्ये २३ मीटरच्या रेषेवरून एकटा खेळाडू, समोर एकटा गोलरक्षक, आणि हातात आठ सेकंद. इथेही अकरांना किंमत नाही. प्रत्येक वेळी एकास एक. बरोबरी टिकवून इथपर्यंत पोचणे हेच दहांचे विशाळगड गाठणे होते.

ब्रिटनकडून पहिला आला जेम्स ॲल्बेरी. त्याने गोल केला. भारताकडून पहिला कोण? हरमनप्रीत स्वतः. ज्या प्रकाराने ओडिशात मान खाली घालायला लावली होती, त्याला सामोरा जाताना त्याने दुसऱ्या कुणाला पुढे केले नाही. त्याने गोल केला. मग झॅक वॉलेस आणि सुखजीत यांनी आपापले गोल केले, २-२. त्यानंतर कॉनर विल्यमसनचा चेंडू वाया गेला, ललित उपाध्यायने साधला. फिल रोपरला श्रीजेशने अडवले. उरला राजकुमार पाल. त्याने चेंडू आत घातला आणि भारत ४-२ असा जिंकला. आमच्याकडे कणकेचे दिवे तोवर गार झाले होते. ते तसेच, तुपावाचून खाल्ले गेले आणि कुणी कुरकुर केली नाही.

गोष्ट इथेच संपवली असती तर ती फार सोयीची झाली असती. पण लाल कार्डाचा हप्ता अजून फिटला नव्हता. रोहिदासवर एका सामन्याची बंदी आली. भारताने केलेले अपील फेटाळले गेले. ६ ऑगस्टला जर्मनीविरुद्धच्या उपान्त्य सामन्यासाठी १६ऐवजी १५ खेळाडूच उरले. या वेळी मैदानावर अकरा होते, उणीव होती ती बाकावर. आणि मला तर वाटते, उघड उणिवेपेक्षा ही छुपी उणीव जास्त छळते. मैदानावर दहाच असले की जो तो जागा राहतो, अकरा दिसले की आपण पुरे आहोत असा भास होतो. सातव्या मिनिटाला हरमनप्रीतने गोल करून सुरुवात तर झकास केली. मग जर्मनीचा पहिला गोल आला तो गोन्झालो पेयाटचा, पेनल्टी कॉर्नरवरचा. गोलरेषेवरून पहिला सुटणारा रोहिदास तिथे नव्हता. तो असता तर काय झाले असते, याचे उत्तर कुणालाच देता येणार नाही; ती जागा मात्र डोळ्यांना खुपली. सामना २-२ असा लांबला आणि ५४व्या मिनिटाला जर्मनीने तिसरा गोल करून तो जिंकला. सुवर्णपदकाची वाट बंद झाली.

दोन दिवसांनी, ८ ऑगस्टला, ब्राँझपदकासाठी स्पेनशी गाठ पडली. रोहिदास परत आला होता. १८व्या मिनिटाला स्पेनने पेनल्टी स्ट्रोकवर आघाडी घेतली. मध्यांतर होता होता, तिसाव्या मिनिटाला, हरमनप्रीतने बरोबरी केली आणि ३३व्या मिनिटाला विजयाचा गोलही त्यानेच केला. दोन्ही पेनल्टी कॉर्नरवर. स्पर्धेत त्याचे एकूण १० गोल झाले, सर्व संघांतल्या सर्व खेळाडूंत अधिक. आणि हा बचावाच्या फळीत खेळणारा माणूस! लागोपाठच्या दोन ऑलिंपिकमध्ये भारताला हॉकीचे पदक मिळाले ते १९६८ आणि १९७२नंतर प्रथमच. पुढे जानेवारी २०२५मध्ये त्याला खेलरत्न पुरस्कार देण्यात आला.

सामना संपल्याची शिट्टी झाली तेव्हा श्रीजेशने आपल्या गोलपुढे डोके टेकले. पेहरावासकट त्याचे वजन काही थोडे नसणार. हरमनप्रीतने त्याला खांद्यावर उचलून घेतले आणि तसाच तो मैदानावरून चालू लागला.